जड धातू आणि वनस्पती

जमिनीतील व पाण्यातील जड धातू वनस्पतींत कसे शिरतात, त्यांच्यामुळे वनस्पतींच्या शरीरक्रियांवर कोणता ताण पडतो आणि त्या ताणाला वनस्पती कशा तोंड देतात, यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले असून उदाहरणे शक्यतो कोल्हापूर जिल्ह्यातील घेतली आहेत. ज्या धातूंची घनता दर घ. सेंमी.ला सु. ५ ग्रॅ.पेक्षा अधिक असते त्यांना सामान्यतः जड धातू म्हणतात. ही व्याख्या सोयीची असली, तरी काटेकोर नाही. आर्सेनिक हे धातुसदृश मूलद्रव्य आहे. तथापि त्याचे वनस्पतींवरील परिणाम जड धातूंसारखे असल्याने त्याचा समावेश याच गटात करण्याची प्रथा आहे. ॲल्युमिनियम हा तर हलका धातू (घनता २·७). परंतु अम्लधर्मी जमिनीत तो मुळांना बाधक ठरतो आणि त्याविरुद्ध वनस्पती योजीत असलेले उपाय जड धातूंविरुद्धच्या उपायांशी मिळतेजुळते असतात. म्हणून त्याचाही उल्लेख ओघाने येईल.

जड धातू म्हणजे विष, असे सरसकट म्हणता येत नाही. लोह, मँगॅनीज, जस्त, तांबे, मॉलिब्डेनम व निकेल हे धातू अल्प प्रमाणात वनस्पतींना अत्यावश्यक असतात. त्यांच्यावाचून अनेक एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) निष्क्रिय राहतात. निकेलाची आवश्यकता फार उशिरा कळली. जॅक बीन (कॅनव्हॅलिया एन्सिफॉर्मिस) या अबईच्या जवळच्या शेंगवर्गीय वनस्पतीच्या बियांतून जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये यूरिएज हे एंझाइम स्फटिकरूपात मिळविले. स्फटिकरूपात मिळालेले ते पहिलेच एंझाइम होय. पण त्यात निकेल असते हे उघड होण्यास १९७५ साल उजाडावे लागले. याउलट कॅडमियम, शिसे व पारा यांची उच्च वनस्पतींना कोणतीही गरज असल्याचे आढळलेले नाही. आवश्यक धातूंच्या बाबतीतही पुरेसे व घातक या दोन प्रमाणांमधील अंतर थोडे असते. तांब्याचे प्रमाण पानाच्या शुष्क वजनाच्या दर किग्रॅ.ला सु. ५ मिग्रॅ.च्या खाली गेले की बहुतेक पिकांत न्यूनतेची लक्षणे दिसू लागतात. ते २० ते ३० मिग्रॅ.च्या पुढे गेले की विषबाधेची.

जमिनीतील धातू : जमिनीतील धातूंचा मूळ साठा तिच्या खालील खडकातून आलेला असतो. कोल्हापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टावर वसलेला आहे. या खडकात लोह विपुल असून तांब्याचे प्रमाणही ग्रॅनाइटातील प्रमाणापेक्षा अधिक असते. मात्र एकाच खडकापासून जिल्ह्यात दोन अगदी भिन्न प्रकारच्या जमिनी तयार झाल्या आहेत. पश्चिमेकडे गगनबावड्याच्या परिसरात वर्षाला सु. ५,००० मिमी. वा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ भागात त्याच्या सु. एक-दशांश. पश्चिमेकडील दीर्घकालीन पावसाने खडकातील सिलिका व चुना धुपून जाऊन लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली आणि जांभा खडक व तांबडी, अम्लधर्मी जमीन तयार झाली. राधानगरी व शाहूवाडी तालुक्यांतील बॉक्साइटाचे साठे याच क्रियेचे फलित होत. पूर्वेकडील काळ्या जमिनी चुनखडीयुक्त व किंचित अल्कधर्मी आहेत. धातू मुळांना उपलब्ध होतो की नाही, हे त्याच्या एकूण साठ्यापेक्षा जमिनीच्या अम्लतेवर अधिक अवलंबून असते. अम्ल जमिनीत बहुतेक धातू विद्राव्य होतात, अल्कधर्मी जमिनीत ते जखडले जातात. त्यामुळे लोहसंपन्न बेसाल्टापासून बनलेल्या काळ्या जमिनीतच उसाची पाने लोहाअभावी पिवळी-पांढरी पडतात; शेतकरी त्याला ‘केवडा पडणे’ असे म्हणतात. पश्चिमेकडे नेमकी उलट अडचण असते. तेथे विद्राव्य ॲल्युमिनियम व मँगॅनीज मुळांची वाढ खुंटवितात.

या नैसर्गिक साठ्यात मानवी व्यवसायांची भर पडते. फॉस्फेट खतांत, ती ज्या खनिजापासून तयार होतात त्यातील कॅडमियम अल्पांशाने उतरते. शहरी सांडपाणी, ओतकाम, धातूंवरील विद्युत् विलेपन, कापडाची रंगाई व कातडी कमाविणे या व्यवसायांच्या सांडपाण्यातून जस्त, तांबे, निकेल, क्रोमियम, शिसे इत्यादींची भर पडू शकते. कोल्हापूर शहराभोवतालचे ओतकाम व इचलकरंजीचा वस्त्रोद्योग प्रसिद्धच आहेत. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती (आणि परंपरेनुसार गुप्त सरस्वती) यांच्या संगमापासून निघालेली पंचगंगा या दोन्ही शहरांजवळून वाहत जाऊन नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते आणि वाटेतील ऊस, भाजीपाला व इतर पिकांना तिचेच पाणी मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने तिच्या कोल्हापूर-शिरोळ या टप्प्याची गणना देशातील प्रदूषित नदीपट्ट्यांत केलेली आहे. नदीत आलेले धातू पाण्यात विरघळलेले फार काळ राहत नाहीत. ते मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून तळाशी बसतात. केवळ पाण्याच्या तपासणीवरून नदीची धातुस्थिती अजमाविणे त्यामुळे फसवे ठरते. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांसारख्या प्रसंगी हाच तळगाळ काठच्या शेतांवर पसरतो. सर्वसाधारणपणे पुराचा गाळ सुपीक मानला जातो व तो तसा असतोही. परंतु त्यात कोणते धातू किती आहेत, हे त्या त्या ठिकाणी मोजूनच ठरवावे लागते.

शोषण : मातीतील पाण्यात धातू मुख्यत्वे आयनांच्या (विद्युत् भारित अणू वा अणुगटांच्या) रूपात असतात. मुळाच्या कोशिकाभित्तीतील पेक्टिनावर ऋण विद्युत् भार असल्याने धन भारित धातू आयन प्रथम तेथे चिकटतात. शिशाचा बराचसा भाग या पहिल्याच टप्प्यावर अडकून पडतो. त्यापुढे जाण्यास दोन मार्ग असतात. एक कोशिकाभित्तींमधील मोकळ्या जागेतून व दुसरा कोशिकांच्या जीवद्रव्यातून. पहिल्या मार्गाने आलेल्या द्रव्याला मुळाच्या अंतस्त्वचेपाशी थांबावे लागते. कारण तेथील कोशिकांच्या भित्तींभोवती मेणासारख्या सुबेरिनाचा व लिग्निनाचा जलरोधक कॅस्पारी पट्ट असतो. येथून आत जाण्यासाठी कोणत्याही आयनाला कोशिकेचे पटल ओलांडावेच लागते. मुळाच्या कोवळ्या टोकाशी हा पट्ट पूर्ण तयार झालेला नसतो. तेथून काही धातू आत निसटतात.

पटल ओलांडण्यासाठी वाहक प्रथिने लागतात आणि वनस्पतीची खरी अडचण येथेच आहे. कॅडमियम, शिसे वा आर्सेनिक यांच्यासाठी तिने कोणतेही द्वार ठेवलेले नाही. पण आवश्यक द्रव्यांसाठी ठेवलेली द्वारे आकारमानाने व भाराने सारख्या असलेल्या परक्या आयनांना पुरतेपणी ओळखू शकत नाहीत. लोहाच्या वाहकातून जस्त, मँगॅनीज व कॅडमियम शिरतात. भातात कॅडमियम मुख्यतः मँगॅनिजाच्या वाहकातून येते. आर्सेनेट हा फॉस्फेटासारखा दिसणारा आयन फॉस्फेटाच्या वाहकातून, तर आर्सेनाइट हे सिलिकाम्लाच्या वाहकातून प्रवेश मिळविते. क्रोमेट आयन सल्फेटाच्या मार्गाने येतो. द्वार बंद करावे, तर उपासमार होते. उघडावे, तर शत्रू आत येतो. लोहाची वाण पडलेली वनस्पती लोहाच्या वाहकांची संख्या वाढविते आणि त्याबरोबर कॅडमियमाचे शोषणही वाढते. म्हणून लोह व जस्त यांची न्यूनता दूर करणे हा दूषित जमिनीत पिकातील कॅडमियम कमी करण्याचा एक साधा मार्ग ठरतो.

आवश्यक धातू मिळविण्यासाठी मुळे स्वतःही खटपट करतात. द्विदलिकित वनस्पती मुळांभोवती हायड्रोजन आयन सोडून माती अम्ल करतात व लोहाचे क्षपण [→ क्षपण] घडवितात. गवतांच्या कुलातील वनस्पती, उदा., ऊस, ज्वारी, भात व गहू, म्युजिनिइक अम्लासारखी लोहाला कवटाळून धरणारी द्रव्ये मुळांतून सोडतात व तयार झालेले संयुग जसेच्या तसे शोषून घेतात. हा शोध १९७६ च्या सुमारास जपानमध्ये ताकागी यांच्या संशोधनातून लागला. मुळांशी सहजीवन करणारी कवके, म्हणजे संकवके, काही परिस्थितींत धातू मिळवून देतात, तर काही परिस्थितींत स्वतःच्या तंतूंत अडवून ठेवतात.

मुळात शिरलेला सर्व धातू वर जात नाही. अंतस्त्वचेच्या आत आल्यावर तो प्रकाष्ठातील (पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांतील) रसात सोडण्यासाठी आणखी एका वाहकाची गरज असते. जस्त व कॅडमियम यांच्यासाठी तो एकच असतो. वरच्या प्रवासात धातू सायट्रिक अम्ल, हिस्टिडीन किंवा निकोशियानामीन यांच्याशी संयुक्त झालेला असतो. बियांत जाण्यासाठी त्याला परिकाष्ठातून (अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतकातून) जावे लागते व तेथे आणखी एक गाळणी लागते. सर्वसामान्यपणे धातूंचे प्रमाण मुळांत सर्वाधिक, पानांत त्याहून कमी व दाण्यांत सर्वांत कमी असते. मात्र वनस्पती व धातू यांप्रमाणे हा क्रम बदलतो.

ताण व त्याची लक्षणे : धातूंच्या अतिरेकाचा पहिला परिणाम मुळांवर होतो. मुख्य मूळ आखूड व जाड होते, टोक तपकिरी पडते आणि मूलरोम विरळ होतात. नंतर पाने शिरांमध्ये पिवळी पडतात व वाढ खुंटते. ही लक्षणे लोह, मॅग्नेशियम किंवा पाण्याच्या टंचाईची वाटू शकतात आणि बऱ्याच अंशी ती तशी असतातही. कारण जस्त व निकेल यांच्या अतिरेकाने लोहाचे शोषण घटते.

कोशिकेच्या पातळीवर तीन प्रकारचे अपाय संभवतात. कॅडमियम, पारा व शिसे प्रथिनांतील गंधकयुक्त (–एसएच) गटांना घट्ट चिकटून एंझाइमे निकामी करतात. काही धातू दुसऱ्या आवश्यक धातूला त्याच्या जागेवरून हुसकून देतात, उदा., हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियमाच्या जागी तांबे, जस्त वा कॅडमियम आले, तर प्रकाश ग्रहण करण्याची त्याची क्षमता नष्ट होते. तिसरा अपाय अप्रत्यक्ष असला, तरी सर्वांत व्यापक आहे. हरितकणू व कलकणू यांतील नेहमीच्या व्यापारांत ऑक्सिजनाची काही अतिक्रियाशील रूपे (उदा., सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड) सतत तयार होत असतात. मोकळे लोह वा तांबे यांच्या सान्निध्यात हायड्रोजन पेरॉक्साइडापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक ज्या रेणूला भेटेल त्याचे ऑक्सिडीभवन करतो. पटलांतील मेदाम्लांवर त्याचा आघात झाला म्हणजे पटले गळू लागतात. कॅडमियम स्वतः ही विक्रिया घडवीत नाही. पण ते या मूलकांपासून संरक्षण करणारी द्रव्ये संपुष्टात आणते व परिणाम तोच होतो.

संरक्षण : धातू हे मूलद्रव्य असल्याने त्याचे विघटन करून ते निरुपद्रवी करणे कोणत्याही सजीवाला शक्य नाही. वनस्पती तर जागा सोडूनही जाऊ शकत नाही. धातू बाहेरच अडविणे, आत आल्यास बांधून ठेवणे, बांधलेला धातू कमी महत्त्वाच्या जागी साठविणे आणि झालेली हानी भरून काढणे एवढेच तिच्या हाती उरते.

बाहेर अडविण्याचे उत्तम उदाहरण ॲल्युमिनियमाचे आहे. गव्हाच्या सहनशील वाणांची मुळे ॲल्युमिनियमाचा स्पर्श होताच मॅलिक अम्ल बाहेर सोडतात, इतर काही वनस्पती सायट्रिक अम्ल सोडतात. त्यांच्याशी संयुक्त झालेला ॲल्युमिनियम मुळात शिरू शकत नाही. गव्हातील या क्रियेस कारणीभूत असलेला जीन २००४ मध्ये ओळखला गेला. मुळाच्या टोकावरील बुळबुळीत श्लेष्मल द्रव्यही धातू अडकवून ठेवते.

आत आलेल्या धातूला बांधण्याच्या कामी ग्लुटाथायोन हे तीन ॲमिनो अम्लांचे छोटे पेप्टाइड मध्यवर्ती आहे. कॅडमियम कोशिकेत येताच एक विशिष्ट एंझाइम कार्यान्वित होऊन ग्लुटाथायोनाच्या रेणूंपासून अधिक लांब साखळ्या जोडते. या साखळ्यांना फायटोकेलॅटिने म्हणतात. त्यांतील गंधकयुक्त गट कॅडमियमाला चिमट्यात धरल्याप्रमाणे पकडतात. अशी पेप्टाइडे प्रथम १९८१ मध्ये एका यीस्टात जपानी शास्त्रज्ञांना आढळली व १९८५ मध्ये ग्रिल, विनाकर व त्सेंक या जर्मन शास्त्रज्ञांनी ती उच्च वनस्पतींत असल्याचे दाखविले. प्रथिनांची जुळणी जीनांच्या आराखड्याबरहुकूम रिबोसोमांवर होते. फायटोकेलॅटिनांची तशी होत नाही. ती तयार करणारे एंझाइम कोशिकेत आधीपासूनच सज्ज असते व धातूच्या उपस्थितीतच त्याचे काम जोमाने चालते. त्यामुळे काही मिनिटांतच संरक्षणास सुरुवात होते. या एंझाइमाचा जीन १९९९ मध्ये तीन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे शोधून काढला. मेटॅलोथायोनिने ही गंधकसमृद्ध प्रथिने मात्र जीनांच्या आराखड्यानुसार बनतात. ती मूळची प्राण्यांत, घोड्याच्या वृक्कात (मूत्रपिंडात), १९५७ मध्ये सापडली. वनस्पतींत त्यांचा संबंध मुख्यतः तांबे व जस्त यांच्या नियमनाशी असावा असे मानतात.

बांधलेले धातू रिक्तिकेत (कोशिकेतील रसाने भरलेल्या मोठ्या पोकळीत) लोटले जातात. रिक्तिका म्हणजे कोशिकेचे कोठार व उकिरडा दोन्ही होय. तेथे हरितद्रव्य नाही, श्वसनाची यंत्रणा नाही, त्यामुळे तेथील धातू फारसे नुकसान करीत नाही. काही वनस्पती पानाच्या बाह्यत्वचेच्या कोशिकांत किंवा पृष्ठभागावरील केसांत धातू साठवितात. काही जुन्या पानांत तो भरून ती गाळून टाकतात. ही साठवण मुळातच झाली, तर वरच्या भागात धातू कमी पोहोचतो. भाताच्या ज्या वाणांत मुळाच्या रिक्तिकेत कॅडमियम लोटणारे वाहक प्रथिन सदोष असते त्यांच्या दाण्यांत कॅडमियम अधिक येते.

हानी भरून काढणारी यंत्रणा धातूंसाठी खास निर्माण झालेली नाही. अवर्षण, थंडी, क्षारता अशा सर्वच ताणांत ती उपयोगी पडते. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे एंझाइम सुपरऑक्साइडाचे हायड्रोजन पेरॉक्साइडात रूपांतर करते. कॅटॅलेज व पेरॉक्सिडेज ही एंझाइमे त्यापासून पाणी बनवितात. ॲस्कॉर्बिक अम्ल (क जीवनसत्त्व) व ग्लुटाथायोन यांच्या चक्रातून हे काम पुनःपुन्हा होत राहते. येथे एक विसंगती दिसते. ग्लुटाथायोन कॅडमियम बांधण्यासाठी फायटोकेलॅटिनांत खर्च झाले, तर ऑक्सिडीभवनाविरुद्ध ते अपुरे पडते. त्यामुळे ताणाखालील वनस्पतीत गंधकाची गरज वाढते व गंधक पुरेसे मिळालेले पीक कॅडमियम अधिक चांगले सहन करते. प्रोलीन या ॲमिनो अम्लाचा संचय हेही ताणाचे नेहमीचे लक्षण आहे.

धातुसंचयी वनस्पती : बहुतेक वनस्पती धातू दूर ठेवण्याचा प्रयत्न करतात. थोड्या वनस्पती मात्र तो मुद्दाम पानांत भरून घेतात. दर किग्रॅ. शुष्क पानांत १,००० मिग्रॅ.हून अधिक निकेल असणाऱ्या वनस्पतींसाठी ब्रुक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ‘अतिसंचयी’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. पुढे ती इतर धातूंनाही लावण्यात आली. कॅडमियमासाठी ही मर्यादा १०० मिग्रॅ. मानतात. अशा सु. ७०० जाती ज्ञात असून त्यांपैकी बहुसंख्य निकेलाच्या आहेत. न्यू कॅलिडोनिया बेटावरील पिक्नँड्रा ॲक्युमिनॅटा या वृक्षाचा चीक निकेलामुळे निळसर हिरवा असतो व वाळलेल्या चिकात सु. एक-चतुर्थांश निकेल भरते. टेरिस व्हिटॅटा या नेच्यात आर्सेनिक मोठ्या प्रमाणात साठते, हे २००१ मध्ये अमेरिकेत उघडकीस आले. हाच नेचा भारतात जुन्या विहिरींच्या व भिंतींच्या चुन्याच्या सांध्यांत सहज उगवलेला दिसतो. एवढे विष बाळगण्याचा लाभ काय, याचे एक संभाव्य उत्तर असे की, धातूने भरलेली पाने कीटक खात नाहीत.

कोल्हापूरच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या जंगलांत याच प्रकारची, पण हलक्या धातूची उदाहरणे आढळतात. राधानगरी परिसरात विपुल असलेली अंजनी (लोखंडी, मेमेसायलॉन अंबेलेटम) ज्या प्रजातीतील आहे तिच्यातील जाती ॲल्युमिनियमाच्या संचयासाठी प्रसिद्ध आहेत. जांभ्याच्या अम्लधर्मी जमिनीत जे द्रव्य इतर मुळांना नकोसे, तेच त्या पानांत साठवितात. लोध्राची (सिंप्लोकॉस) प्रजातीही ॲल्युमिनियमसंचयी आहे. कापड मंजिष्ठाच्या तांबड्या रंगात रंगविताना लोध्राची साल किंवा पाने तुरटीऐवजी रंगबंधक म्हणून वापरण्याची जुनी रीत आहे. तुरटीचे काम तिच्यातील ॲल्युमिनियम करते. रंफियस या मूळच्या जर्मन वनस्पतिवैज्ञानिकाने आग्नेय आशियातील या प्रजातीच्या वृक्षाला ‘तुरटीचा वृक्ष’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. त्या काळी ॲल्युमिनियम हा धातू ज्ञातही नव्हता.

अन्नातील धातू : वनस्पतीची सहनशक्ती व तिचे खाद्य म्हणून असलेले निर्धोकपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत हा या विषयातील सर्वांत धोक्याचा गैरसमज होय. तांबे, जस्त व निकेल यांच्या बाबतीत पीक माणसाच्या आधी आजारी पडते. अशा जमिनीत पीकच नीट येत नाही व धोक्याची सूचना आपोआप मिळते. कॅडमियमाचे तसे नसते. पीक हिरवेगार दिसत असतानाच त्याच्या दाण्यात किंवा पानात माणसाला अपायकारक ठरेल एवढे कॅडमियम असू शकते. कारण वनस्पतीने ते रिक्तिकेत बंद करून स्वतःपुरता प्रश्न सोडविलेला असतो. खाणाऱ्याच्या शरीरात मात्र ते वृक्कात साठत जाते व कित्येक वर्षे टिकते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भातामुळे हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ हा अत्यंत वेदनामय विकार पसरला व १९६८ मध्ये तो प्रदूषणजन्य असल्याचे तेथील शासनाने मान्य केले.

भाताच्या खाचरातील पाणी येथे दुहेरी भूमिका बजावते. खाचरात पाणी साठलेले असताना जमिनीत ऑक्सिजन उरत नाही व कॅडमियम सल्फाइडाच्या रूपात अविद्राव्य होऊन बसते. पाणी काढताच ते मोकळे होते. आर्सेनिकाचे वर्तन उलट असते. पाण्याखाली लोहाची ऑक्साइडे विरघळतात व त्यांना चिकटलेले आर्सेनिक सुटे होऊन भातात शिरते. त्यामुळे एकावरचा उपाय दुसऱ्याला पोषक ठरतो. दख्खनच्या बेसाल्ट प्रदेशात बंगालच्या गाळाच्या प्रदेशाप्रमाणे भूजलातील आर्सेनिकाची व्यापक समस्या नाही. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने सडलेल्या तांदळात कॅडमियमाची कमाल मर्यादा दर किग्रॅ.ला ०·४ मिग्रॅ., तर पालेभाज्यांत ०·२ मिग्रॅ. ठरविली आहे. मँगॅनिजाच्या वाहकाचा जीन बदललेले व दाण्यात अत्यल्प कॅडमियम येणारे भाताचे उत्परिवर्तित रूप जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले.

पालेभाज्यांच्या बाबतीत शिसे व कॅडमियम यांतील फरक घरगुती व्यवहारातही लक्षात ठेवण्याजोगा आहे. रस्त्याकडेच्या भाजीवरील शिशाचा मोठा भाग धुळीच्या रूपाने पानांवर बसलेला असतो व भाजी नीट धुतल्यास तो बराचसा निघून जातो. कॅडमियम पानाच्या आत असते. ते धुऊन जात नाही.

तंबाखूची वनस्पती कॅडमियम मुळांत न ठेवता पानांत पाठविते. कागल व सीमेपलीकडील निपाणी हा भाग तंबाखूसाठी प्रसिद्ध आहे. तथापि हा गुण जमिनीचा नसून वनस्पतीचा आहे आणि निर्दोष जमिनीतील तंबाखूतही कॅडमियम लक्षणीय प्रमाणात आढळते. धुरावाटे आलेले कॅडमियम फुप्फुसांतून अन्नमार्गापेक्षा अधिक प्रमाणात शोषले जाते. धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरातील त्याचा साठा धूम्रपान न करणाऱ्यांच्या सु. दुप्पट असतो.

क्रोमियमाचे उदाहरण निराळे आहे. आधुनिक चर्मोद्योगात कातडी कमाविण्यासाठी क्रोमियमाची लवणे वापरतात. त्यांतील त्रिसंयुजी क्रोमियम जमिनीत बहुतांशी जखडलेले राहते. त्याचे षट्‌संयुजी रूप मात्र विद्राव्य व अत्यंत विषारी असते. मुळात शिरलेल्या षट्‌संयुजी क्रोमियमाचे वनस्पती त्रिसंयुजी रूपात क्षपण करून ते बहुधा मुळांतच ठेवते. २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे कातडे पारंपरिक रीतीने बाभळीची साल व हिरडा यांतील टॅनिनांनी कमावितात. या पद्धतीचे सांडपाणीही स्वच्छ नसते. पण त्यातील टॅनिनांचे कालांतराने सूक्ष्मजंतूंकडून विघटन होते. क्रोमियमाचे होत नाही.

वनस्पतींद्वारे शुद्धीकरण : धातू पानांत भरून घेणारी पिके लावावीत, ती कापून न्यावीत व जमीन शुद्ध करावी, ही कल्पना १९८३ मध्ये अमेरिकेत मांडली गेली. तीसाठी मोहरीचा (ब्रॅसिका जुन्सिया) पुष्कळ अभ्यास झाला आहे. या कल्पनेबद्दल वृत्तपत्रांतून वेळोवेळी फार आशा व्यक्त होते. साध्या हिशोबाने तिला मर्यादा पडतात. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या २० सेंमी. थरात सु. २५ लाख किग्रॅ. माती असते. तीतील कॅडमियम दर किग्रॅ.ला केवळ १ मिग्रॅ.ने घटवायचे म्हटले, तरी २·५ किग्रॅ. कॅडमियम बाहेर काढावे लागते. दर किग्रॅ. शुष्क वजनात १० मिग्रॅ. कॅडमियम घेणाऱ्या व हेक्टरी १० टन शुष्क उत्पन्न देणाऱ्या पिकाने वर्षाला १०० ग्रॅ. निघते; म्हणजे या कामास पंचवीस वर्षे लागतील. अतिसंचयी वनस्पती दहापट धातू घेतात, पण त्या बहुधा बुटक्या व सावकाश वाढणाऱ्या असतात. ज्याच्याकडे दोन एकरच जमीन आहे, त्याला ती एवढी वर्षे अखाद्य पिकाखाली ठेवणे परवडत नाही. अशा ठिकाणी चुना, सेंद्रिय खत वा फॉस्फेट घालून धातू जमिनीतच जखडून टाकणे, पाण्याचा स्रोत बदलणे आणि पालेभाज्यांऐवजी धान्य वा फळभाज्या घेणे हे उपाय अधिक व्यवहार्य ठरतात.

कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठात (स्थापना १९६२) वस्त्रोद्योगातील रंगद्रव्यांवर वनस्पतींची क्रिया कशी होते, याचे उल्लेखनीय संशोधन झाले आहे. झेंडू, पोर्चुलाका यांसारख्या बागेतील वनस्पती व त्यांची प्रयोगशाळेत वाढविलेली मुळे कित्येक कृत्रिम रंगांचे विघटन करू शकतात, असे त्यातून दिसून आले. रंग हे कार्बनी संयुग असल्याने त्याचा रेणू मोडता येतो. धातूचे असे रूपांतर होत नसल्याने रंगहीन झालेले सांडपाणी धातुमुक्तही झाले, असे गृहीत धरता येत नाही.

रंकाळा तलावात व पंचगंगेच्या पात्रात वेळोवेळी माजणारी जलपर्णी (केंदाळ) हेही याच संदर्भात पाहण्यासारखे आहे. तिच्या पाण्यात लोंबणाऱ्या दाट मुळ्या कॅडमियम, शिसे, तांबे, जस्त इ. धातू वेगाने शोषून घेतात व त्या जगभर सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठी वापरून पाहिल्या गेल्या आहेत. परंतु जलपर्णी पाण्यातच कुजू दिली, तर शोषलेला धातू पुन्हा पाण्यात व तळगाळात जातो. शिवाय कुजताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. ती काढून काठावर ढीग घातल्यास पहिल्या पावसात बराचसा धातू परत वाहून येतो. काढलेल्या जलपर्णीचे कंपोस्ट खत करण्याची सूचना नेहमी केली जाते. स्वच्छ तलावातील जलपर्णीबाबत ती योग्य आहे. औद्योगिक सांडपाणी येणाऱ्या पात्रातील जलपर्णीचे खत मात्र धातूंची तपासणी केल्याशिवाय भाजीपाल्याच्या शेतात घालू नये. ती वाळवून जाळली, तर राखेत धातूंचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते व ती राख पाणी झिरपणार नाही अशा खड्ड्यात पुरावी लागते.